दोन पाट्यांचं बन

३ नोव्हेंबर, सोमवार

नोकरी मिळाली! सीमा-वन प्रकल्पात दुभाषी!! महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून हद्दीवरची झाडतोड थांबवणार, हवेत जाणारा कार्बन कमी करणार. तिकडे ब्राझील-इंडोनेशियातली राज्यंही असंच करतायत म्हणे. माझं काम एवढंच — अलीकडच्यांचं मराठी पलीकडच्यांना कन्नडमध्ये सांगायचं आणि उलट. म्हणजे घरी आजवर फुकट करत आले तेच! आई कन्नडमध्ये भांडते, बाबा मराठीत उत्तर देतात, मध्ये मी.

नव्या पेठेतून साडी घेतली. ऑफिसची.

५ नोव्हेंबर

पहिली बैठक, सोलापुरातच. आमचे घोडके साहेब, तिकडचे पंचाक्षरी साहेब. दोघंही फार गोड! दारातच अडकले — आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. शेवटी मीच आत शिरले.

मग राखलेल्या झाडांची मोजदाद. घोडके साहेब म्हणाले, "आमचं बिरोबाचं बन." पंचाक्षरी साहेब म्हणाले, "आमचं बीरप्पाचं बन." आणि मी भाषांतर करता करता थांबले. अहो, देव एक, बन एक! अक्कलकोटच्या पुढे, कमलम्मा मावशीच्या गावाला लागून. अलीकडे आमच्या वनखात्याची मराठी पाटी, पलीकडे त्यांची कन्नड. मी सांगून टाकलं. एकच झाड दोघांनी मोजलं तर हिशोब तपासणारे वरचे लोक दोघांचाही हिशोब फेकून देणार होते! घोडके साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "महेश्वरीनं अब्रू वाचवली." मी दिवसभर हवेत.

बन कुणाचं ते मात्र ठरलं नाही. "तुमचंच राहू द्या." "असं कसं, तुम्ही घ्या." मग जेवणं आली. तिथेही शेंगाचटणीच्या वाटीवरून हेच!

६ नोव्हेंबर

मावशीला फोनवर सगळं सांगितलं. तिला कौतुक कमी, काळजी जास्त. "पाट्या तेवढ्या ऱ्हाऊ देत बाई. दोन सरकारं राखत्यात म्हणून तो वीटभट्टीवाला गप हाय." त्या बनातली वाळकी काटकीसुद्धा गावात कुणी चुलीत घालत नाही. पण भट्टीवाला कुठं गावचा!

म्हटलं, मावशी, आता तर दोन सरकारं दोस्त झालीत.

११ नोव्हेंबर

घोडके साहेब खुशीत. "पाटी काढायला लावली. दिलं बन त्यांना! मनाचा मोठेपणा दाखवला पाहिजे की." मला कन्नडमध्ये पत्र लिहायला सांगितलं. लिहिलं. छान जमलं!

१३ नोव्हेंबर

पंचाक्षरी साहेबांचा फोन. पत्र वाचून भारावले होते. पण म्हणाले, त्यांनीही पाटी आधीच काढलीय — यजमानांच्या मानासाठी.

धावत घोडके साहेबांकडे. "अगं, किती सज्जन माणूस! पुढच्या बैठकीत बघू." मी म्हटलं, सर, तोवर राखणार कोण? ते म्हणाले, "तेच. आम्ही दिलंय ना त्यांना."

पंचाक्षरी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बन आता महाराष्ट्राचं.

बैठक महिनाअखेरीस. भीती वाटतेय. मला गप्प बसायला काय झालं होतं?

१९ नोव्हेंबर

मावशीचा फोन. मागे करवतीचा आवाज. "भट्टीवाल्याची माणसं हायत. मी झाडाला धरून हुबी हाय. दोनातल्या कुटल्या सरकारला बोलावू? लवकर सांग की!"