दाराशी वरवंटा

जळगाव,
९ फेब्रुवारी २०२५

चि. भाईदास यास,

मंदाअक्काचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि. तुझं पत्र पोचलं. तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून मला ह्या वयात पुन्हा लिहायला बसावं लागतं, आणि तू जन्मभर पोस्टमन होतास म्हणून माझ्या पिनकोडच्या चुका काढतोस. ह्या वेळी पिनकोड युवराजला विचारून घातला आहे, तेव्हा नाक मुरडू नकोस.

तुमची धुळ्याची गल्ली पाडून तिथे बारा मजली टॉवर आणि खाली दुकानं करायची म्हणतात, सगळ्यांच्या सह्या झाल्या, तुझी एकट्याची राहिली. म्हणून तू विचारलंस की अक्का, टॉवरमध्ये राहणं कसं असतं ते खरं सांग. तर छान असतं. आमचा अकरावा मजला. जुन्या कापूस जिनिंगच्या कारखान्याच्या जागेवर ही इमारत झाली, खाली मॉल आहे. भाजी काचेच्या कपाटात गारठत बसलेली असते. नळाला चोवीस तास पाणी. सकाळी हवा स्वच्छ असली तर खिडकीतून सातपुड्याची रेघ दिसते. युवराज बँकेत आणि दीपमाला शाळेत गेली की सगळं घर माझंच. आमच्या भडगावच्या जुन्या घरात एवढा वारा कधी लागला नव्हता.

एक गंमत सांगते. मी दिवसा दार उघडं ठेवते, आपल्या आईची सवय. तुला आठवत असेल, गल्लीत दिवसा कोणाचं दार लागलेलं दिसलं की बाया हातातलं काम टाकून विचारायला जायच्या, काय झालं म्हणून. इथे आमच्या मजल्यावर चार दारं, त्यांतली तीन कायम बंद. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाई गं, इतक्या घरांत दुखवटा! पण दुपारी माझा जरा डोळा लागला की कोणीतरी आमचंही दार ओढून घेतं. उठते तर बंद. कोण ते शोधून काढीन.

तू सही करून टाक. पावसाळ्यात पातेली मांडून गळक्या छपराखाली किती वर्षं झोपणार?

माझ्यावर रागावायचं असेल तर रागाव, पण पत्र लिहायचं सोडू नकोस.

तुझी,
मंदाअक्का


धुळे,
२३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मंदाअक्कास,

भाईदासचा सप्रेम जयभीम. वि. वि. पिनकोड बरोबर होता, तिकीट मात्र उलटं लावलं होतंस. असो.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सातपुडा घरात बसून दिसतो हे वाचून हेवा वाटला. सहीचं म्हणशील तर माझी अडचण छपराची नाही, कानाची आहे. मशीन लावलं की शिट्टी वाजते आणि काढलं की जग बंद. तुझी भावजय कमल होती तोवर ती माझे कान होती. ती गेल्यापासून हे उघडं दारच माझे कान. कोपऱ्यावरचा चहावाला झुलाल सकाळी कपबशी घेऊन सरळ आत येतो आणि माझ्या पायाचा अंगठा हलवतो. शेजारचा भटू येता-जाता डोकावतो आणि मी हात वर केला की पुढे जातो. एवढ्यावर माझा दिवस चालू होतो. फ्लॅटमध्ये दार लावून बसायचं आणि बेल वाजली की उघडायचं, असं म्हणतात. अक्का, बेल मला ऐकू येणार कशी?

पण माझ्यापायी लोकांची कामं अडली आहेत तेही दिसतं. भटूची दोन्ही मुलं लग्नाची आहेत आणि खोली एक. झुलाल माझ्या कानाशी तोंड आणून रोज ओरडतो की भाऊ, बठ्ठा तयार शेतस, एक तूच बाकी शे. मी बुद्धपौर्णिमेनंतरच्या बैठकीत काय ते सांगतो म्हणालो आहे. तुझ्यावर माझा भरवसा आहे. तू तिथे सुखी असशील तर मीही जमवून घेईन.

तुमचं दार लावणाऱ्या भुताचं काय झालं ते कळव. युवराजला आणि सूनबाईंना माझा जयभीम.

थोरल्या बहिणीची माया आजवर पुरली, पुढेही पुरवून दे.

तुझा,
भाईदास


जळगाव,
१७ एप्रिल २०२५

चि. भाईदास यास,

अनेक आशीर्वाद, जयभीम. वि. वि. जयंती चांगली झाली. युवराज मला गाडीतून मिरवणूक दाखवायला घेऊन गेला, पण गाडीत बसून मिरवणूक बघायची म्हणजे लग्नाला जाऊन न जेवता परत येण्यासारखं.

तुझं भूत सापडलं. एकदा मुद्दाम डोळे मिटून पडले आणि बघते तर दारातून एक हात आत आला, बाईचा, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. हलकेच कडी धरून दार ओढून घेतलं. लिफ्टमध्ये पाहिलेलं तेच घड्याळ, म्हणजे समोरच्याच घरातली बाई, एकटी असते. उठून दार उघडेपर्यंत गेली होती. भाईदास, दारासमोरच्या भिंतीवर आपण बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो लावला आहे. दार उघडं असलं की तिला तो दिसत असणार. मी समजायचं ते समजले. नवा टॉवर झाला म्हणून माणसं थोडीच नवी होतात.

युवराजला सांगितलं तर तो म्हणाला की आई, सोसायटीत सगळे दार लावूनच राहतात, तू विषय वाढवू नकोस. त्याचं बरोबर असेल. त्यानं पंचवीस वर्षांचं कर्ज काढून हे घर घेतलं आहे, त्याच्या तोंडावर मी काय बोलू? दिवसभर बोलायला कोणी नसतं म्हणून मी हल्ली खाली मॉलमध्ये सरकत्या जिन्यापाशी बाकावर जाऊन बसते. माणसं वर जातात, खाली येतात. ओळखीचं कोणी नसतं, पण बघायला बरं वाटतं.

पण मी हरणारी नाही. जयंतीच्या दुपारी भडगावहून आणलेला वरवंटा काढला आणि दाराला टेकवून ठेवला. त्या दिवशी दार दोनदा ओढलेलं मला कळलं, वरवंटा जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो हात आलेलाच नाही. आज हे पत्र लिहिते आहे, दार सताड उघडं आहे आणि मघाशी आमटीला फोडणी देताना मी गाणंही म्हटलं. जिंकले म्हण.

तू सहीचा घोळ घालू नकोस. करून टाक.

तुझ्यावर जीव आहे हे दर वेळी लिहायला नको, तरी लिहिते.

तुझी,
मंदाअक्का


धुळे,
२२ एप्रिल २०२५

आदरणीय मंदाअक्कास,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं पत्र आजच आलं आणि आजच उत्तर टाकतो आहे.

तुला आलेला संशय मला नवा नाही. मनीऑर्डरचे पैसे माझ्या हातून न घेता उंबऱ्यावर ठेवायला सांगणारी घरं मी पाहिली आहेत. तेव्हा तू चिडलीस ह्यात मला गैर वाटत नाही. पण मला एक गोष्ट टोचते आहे. वरवंट्यानं दार अडलं हे कळलं, हात कशानं अडला? रोज येणारं माणूस रागावलं तरी दुसऱ्या दिवशी एकदा येऊन बघतं. टपाल वाटताना रोज ओट्यावर दिसणारी म्हातारी दिसली नाही तर मी सायकल लावून आत डोकावायचो. बहुतेक वेळा ती लेकीकडे गेलेली असायची. बहुतेक वेळा.

तू रागावशील, पण एवढं ऐक. समोरची बेल वाजव. बाई दार उघडून तुला चार शब्द बोलली तर बोलू दे. मला ऐकू येत नाही, तुला येतं.

उलट टपाली कळव. माझा जीव लागून राहिला आहे.

तुझा,
भाईदास


जळगाव,
३ मे २०२५

चि. भाईदास यास,

आशीर्वाद. तुझं पत्र खालच्या पेटीत पडून होतं. इथे पोस्टमन वर येत नाही, खाली सगळ्यांच्या पेट्या आहेत आणि त्या कोणी उघडत नाही. पण पत्र वेळेवर हातात पडलं असतं तरी उपयोग नव्हता. ज्या दुपारी मी तुला जिंकले म्हणून लिहीत होते, त्या दुपारी ती बाई समोरच्या घरात न्हाणीघरात पडलेली होती.

पुष्पाबाई तिचं नाव. शिरपूरची, शाळेत मुख्याध्यापिका होती. मुलगा परदेशात. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. कामवाली रजा घेऊन गावी गेली होती, ती गुरुवारी संध्याकाळी आली. तिनं बेल वाजवली, हाका मारल्या, मग मला विचारायला आली. दाराला दुधाच्या पिशव्या लटकत होत्या, भाईदास. माझं दार उघडं होतं, समोरच होत्या त्या, आणि मी बघितल्या नाहीत. आपल्या गल्लीत दार लागलेलं दिसलं तर माणसं धावायची. इथे तिचं दार रोजच लागलेलं, मग त्या दिवशीचं वेगळं कसं ओळखू?

दार फोडलं. जीव होता. दवाखान्यात मी रोज जाऊन बसत होते. बोलता यायला लागल्यावर ती म्हणाली की आत पडल्या पडल्या तिला माझ्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. गाणंही ऐकू आलं. तिनं हाका मारल्या, पण घसा बसून गेला होता. मी धीर करून दाराचं विचारलं. तिला वाटायचं की ह्या आजी दार लावायला विसरतात आणि तशाच झोपतात, कोणी भामटा शिरेल. म्हणून ती रोज दुपारी यायची. मग म्हणाली, लावायच्या आधी मी थोडा वेळ दारात उभी राहायची, घरात माणूस झोपलेलं बघायला बरं वाटायचं, पण बोलावल्याशिवाय आत कसं यायचं. फोटोचं मी तिला काही बोलले नाही. माझा मलाच राग आला आणि रडू आलं.

परवा तिचा मुलगा आला आणि तिला घेऊन गेला. घर विकायला काढलं आहे.

आता खरं सांगते, पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. मला इथे एकटं वाटतं. इतकं एकटं वाटतं की दुपारी मी मुद्दाम कुकरची एक शिट्टी जास्त होऊ देते. युवराजनं पोटाला चिमटा काढून घर घेतलं, त्याला हे सांगणार कोण, म्हणून तुलाही छान छान लिहीत राहिले. तू सही करू नकोस. मला कान आहेत तरी ऐकू आलं नाही, तुझं कसं होईल? झुलालच्या फोनवर निरोप दिला असता, पण त्याला तुझी सहीच हवी आहे, आणि तो ओरडून सांगणार म्हणजे सगळ्या गल्लीला कळणार. बैठक पौर्णिमेनंतर आहे, तोवर हे पत्र पोचेल.

तुझी,
मंदाअक्का


धुळे,
५ मे २०२५

आदरणीय मंदाअक्कास,

सप्रेम जयभीम. वि. वि. तुझं उत्तर आलं नाही, तेव्हा समोरच्या बाईशी तुझी गट्टी जमली आणि भावाला विसरलीस असं धरून चालतो.

इकडची बातमी अशी की मी सही केली. बिल्डरच्या माणसानं बैठक पौर्णिमेच्या आधीच घेतली. भटू शेजारी बसून नुसता माझ्याकडे बघत होता. मला तुझी पत्रं आठवली. अक्का दोनदा करून टाक म्हणाली आहे, आणि अक्कानं माझं वाईट कधी चिंतलं नाही. केली सही. झुलालनं सगळ्यांना फुकट चहा पाजला.

कोणता मजला हवा विचारलं तर मी अकरावा सांगितला, तुझ्यासारखा. धुळ्याहून सातपुडा दिसणार नाही, पण वारा तर लागेल. मी त्या माणसाला एवढंच विचारलं की दिवसा दार उघडं ठेवता येईल ना. त्यानं कागदावर लिहून दाखवलं की आजोबा, काळजी नको, दार आपोआप बंद होतं.

जूनमध्ये घरं रिकामी करायची. इमारत व्हायला तीन वर्षं लागतील म्हणतात. झुलाल लेकीकडे शिरपूरला जाणार, भटू सासुरवाडीला. मी इथेच धुळ्यात, देवपुरात एक खोली बघून आलो. बरी आहे. मालक वर राहतो, त्याला माझ्या कानाचं अजून सांगितलेलं नाही.

तू आनंदात राहा आणि मला तुझ्यातलं थोडं पाठवत जा.

तुझा,
भाईदास


जळगाव,
बुद्धपौर्णिमा, १२ मे २०२५

भाईदास,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. माझं आता तुझ्या हातात पडलं असेल आणि तू ते पुन्हा पुन्हा वाचत बसला असशील. वाचू नकोस. सही झाली ती झाली, आणि ती माझ्या शब्दावर झाली.

देवपुरातली खोली सोडून दे. तीन वर्षं माझ्याकडे राहा, पुढचं पुढे बघू. युवराजला मी विचारलेलं नाही, सांगणार आहे. सकाळी अंगठा हलवायला मी आहे. दुपारी तू जागा राहा आणि समोरच्या दाराकडे बघत बस. तिथे कोणी राहायला आलं तर मला सांग.

जळगावला उतरलास की रिक्षा कर, जुनं जिनिंग म्हण. खाली वॉचमन अडवेल, त्याला माझं नाव सांग. लिफ्टमध्ये अकरा आकडा दाब. बेल वाजवू नकोस. दाराशी वरवंटा आहे, तो ओलांडून ये.

मंदाअक्का