बंद न्हाई, उभी हाये

२२ सप्टेंबर, घट बसले
नवी गाडी माझ्यावर ओरडली. पट्टा लावला न्हाई म्हून टूं टूं टूं. या घरात मालकांनी कधी आवाज चढवला न्हाई, अन् ही कालची आलेली. वर श्री लिहायचं राह्यलं. श्री.

ही माझ्या लेकाची, सोमेश्वरची शेडान. बुटकी. बसायला वाका, उतरायला माणूस बोलवा. मालकांच्या मोटारीत फेटा न काढता बसता यायचं. मालक गेले, मोटार राह्यली. दोघांत मोटार कमी कुरकुरायची.

सोमेश्वर म्हणतो ती बंद हाये. बंद न्हाई, उभी हाये. दसऱ्याला चालू झाली न्हाई तर परतूरच्या भंगारवाल्याला देणार म्हणे. मी म्हणले, दसऱ्याला तिच्यातच जांबला देवदर्शनाला जाते. शेजारच्या चांगुणाबाईला पुढची सीट कबूल करून आले.

२५ सप्टेंबर
राधेश्याम मिस्तरी आल्ता. बॉनेट उघडलं अन् हळूच झाकलं, मयताच्या तोंडावर कापड वढावं तसं. काय लागंल विचारलं. म्हणला, मावशी, इंजिन लागंल. म्हंजे बाकी समदं ठीक.

मागच्या सीटवर कोंबडी अंड्यावर बसली हाये. शेडानमधी बसंल का?

२८ सप्टेंबर
गुडघा दुखून राह्यला. दवाखान्यात शेडाननं गेले, तुलना करायची म्हून. एसी बिलकुल वाईट. झोपच लागली. मोटारीत खड्ड्यावरून गाव वळखायचे मी.

१ ऑक्टोबर
चांगुणाबाईनं लुगडं काढून ठेवलं. चालू झाली का विचारलं. जवळजवळ, म्हणले.

२ ऑक्टोबर, दसरा
दोन्हीला हार, चाकाखाली लिंबं. शेडानच्या मागं, नंबराच्या वर एक डोळा हाये. उघडाच. दृष्ट लागू नये म्हून त्यात ठसठशीत काजळ भरलं. सणाला भेदभाव करू न्हाई.

दुपारी सोमेश्वरनं गाडी मागं घेतली. पडद्यावर नुसतं काळं दिसलं म्हणे. टूं टूं केलं तिनं, पण ती कायमच करती. धाडकन् मोटारीवर.

शेडानचं ढुंगण चेपलं. मोटारीला ओरखडा न्हाई. गल्ली गोळा करून दाखवलं. सोमेश्वर म्हणला, "आई, त्या डोळ्यातून मागचं दिसतं." म्हणले, "माझ्या मोटारीत मान वळवली की दिसतं."

तेवढ्यात कोंबडी बोंबलत मोटारीखालून निघाली. दारातून न्हाई, खालून. वाकून बघितलं. तळाचा पत्रा गंजून गेल्ता. सीट, अंडी, समदं जमिनीवर. वरची मोटार तेवढी उभी. गल्ली हसत घरी गेली.

३ ऑक्टोबर, दुपारी, शेडानमधी
सकाळी भंगारवाल्यानं मोटार वढून नेली. चाकं फिरली. म्हंजे चालली ती, माझं खरं झालं.

सोमेश्वर जांबला नेऊन राह्यला, चेपल्या गाडीतून. पुढं मी बसले. पट्टा लावला, बराबर. चांगुणाबाई लुगडं नेसून काचेशी उभी हाये. पुढची सीट माझी व्हती, कुठं गेली, असं विचारत असंल. काच वर केली की आवाज येत न्हाई, ही एक सोय बरी हाये. जबाब सोमेश्वरनं द्यायचा. मी झोपले हाये.