अरबाबच्या बंदुकीची नळी

३ नोव्हें., सोमवार. अल कुसैस
मेव्हण्याचा फोन. आमच्या रेश्माचं कुडाळचं स्थळ गणपतीत का मोडलं ते आज कळलं. मुलाच्या मामाने दुबईत चौकशी केली होती, मुलीचा बाप कसा आहे म्हणून. कुणाकडे? सावंतकडे! माझ्याच गावचा, आमच्या वर्कशॉपचा फोरमन, बारा वर्षं एका खोलीत समोरासमोर खाटा. तो म्हणाला, "दत्ताराम कामाला चांगला आहे. बाकी मी काय सांगू."
एवढंच. सरळ शिवी दिली असती तर परवडलं असतं. मामा काय समजायचं ते समजला, बाप दारुडा असणार.
आणि त्याच मुलाशी गेल्या महिन्यात सावंतच्या भाचीचा साखरपुडा. पेढे वाटले त्याने इथे. मी दोन खाल्ले. गाढव मी.
यापुढे त्याचं पूर्ण नाव लिहायचं नाही. सा.

५ नोव्हें.
सा.शी बोलत नाही. तोच विचारतो, "काय रे, पोटात दुखता काय?" हो म्हटलं. त्याने सुंगटाचं कालवण केलं होतं, हात लावला नाही. मग खाली जाऊन खुबूसची रोटी आणि लबानचं ताक.
आठ वर्षांपूर्वी एकदा प्यायलो होतो, आई गेली त्या आठवड्यात. एकदाच. खांद्यावर घालून खोलीत यानेच आणलं, कंपनीत कुणाला कळू दिलं नाही. त्याचे उपकार मी विसरलो नव्हतो. पण मेल्याने ते जपून ठेवलं आणि नेमकं माझ्या पोरीच्या वेळी काढलं.

७ नोव्हें., शुक्र.
अरबाबने, म्हणजे आमच्या अरब मालकाने, ऑफिसात बोलावलं. त्याच्या बापाच्या वेळची शिकारीची बंदूक आहे, लायसन्सची. आता मातीच्या थाळ्या उडवायला नेतो. बॅरलच्या खालची काडतुसांची नळी अडकते. दोन आत जातात, तिसरं रुततं. नवीन नळी मागवलीय. "दत्ता, तू बिठाएगा. घर आना. बाहर दुकान में नहीं देगा मैं."
बंदुका पुसायला नेहमी सा. जातो. तो लगेच मधे, "पुरानी चीज है बाबा, घिस गया होगा." विचारलं कुणी होतं याला?

९ नोव्हें., रवि.
सुट्टी. अरबाबच्या घरी. आधी त्याने स्वतः बंदूक उघडून रिकामी दाखवली, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. मग मजलिसमध्ये, त्याच्या बैठकीच्या खोलीत, जुनी चादर पसरून काम. नळीची टोपी फिरवली तर आतली स्प्रिंग सुटून थेट झुंबराला! अरबाब पोट धरून हसला. मीही हसलो, बऱ्याच दिवसांनी.
जुनी नळी निघाली, हातात घेतली आणि हसू गेलं. घासली-बिसली काही नाही. पिचलीय. दोन्ही बाजूंना व्हाइसच्या शिकंज्याच्या जबड्याचे दात उठलेत, तांब्याची पट्टी न लावता तशीच आवळलेली. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं, पातळ नळी उघड्या जबड्यात धरायची नाही. आणि एका दाताची खूणच नाही, जबड्याचा तो दात तुटलेला. तो व्हाइस मी ओळखतो. सा.च्या बाकावरचा.
म्हणजे घाईत वर्कशॉपला आणून खोलली आणि गप्प बसला.
नवीन बसवली. तिन्ही काडतुसं, सरावाची, खोटी, लोण्यासारखी आत-बाहेर. अरबाबने पाठ थोपटली. "पुराना कैसे बिगड़ा?" म्हणून विचारलं. "देखता है बाबा," म्हटलं. टेबलावर ठेवताना दातांची बाजू खाली केली. वाचवायला नव्हे त्याला! हे हुकमाचं पान मी माझ्या वेळेला उघडणार.

१२ नोव्हें.
आज ती वेळ चालून आली. मॅनेजर केरळला कायमचा चाललाय. त्याच्या जागी अरबाबच्या मनात सा. आहे. मॅनेजर, वर फॅमिली व्हिसा. सा. पंधरा वर्षं बायकोला इथे आणायची स्वप्नं बघतोय.
अरबाबने मला एकट्याला बसवलं, गावा, अरबी कॉफी, ओतला. "सा. तेरे गाँव का है. एक कमरे में रहता है. सच बोल, कैसा आदमी है?"
तोच प्रश्न! अगदी तोच.
"शुक्रवार को बोलेगा, बाबा." "इन्शाल्ला. नमाज के बाद आ."

१३ नोव्हें.
घरी फोन. बायको म्हणते, "सोडून देवा. देव बघून घेतलो तेका."
तिच्या हातातून रेश्माने फोन ओढला. "बाबा, का सोडायचं? त्यांच्या भाचीच्या साखरपुड्याला आईला जाऊन हसावं लागलं. तुम्ही सांगाच." मग रडली. माझी पोर कधी रडत नाही.
सा. संध्याकाळी माझे कपडे इस्त्रीला देऊन आला. स्वतःहून. त्याला वास लागलाय.

१४ नोव्हें., शुक्र. दुपार
जेवलो नाही. दाढी केली. इस्त्रीचा शर्ट.
नळीचा विषय काढायचीही गरज नाही. चूक कुणाची सांगितली तर अरबाब रागावेल, चार दिवसांनी माफ करेल. बंदूकवाला माणूस, दिलदार आहे. सा.ला माफी मिळायला नकोय मला. आरशासमोर म्हणून पाहिलं, "काम में अच्छा है, बाबा. बाकी मैं क्या बोलूं." पहिल्यांदा घाई झाली. तिसऱ्यांदा जमलं. 'अच्छा है' नंतर जरा खाली बघायचं.
शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेलं मात्र. रागाने असेल.
खाली हॉर्न. मला न्यायला सा.च आलाय पिकअप घेऊन. फोनवर म्हणाला, "दत्ता, माझ्याबद्दल बरा सांग हां. तुझ्याशिवाय हय माझा कोण आसा?"
येतो म्हटलं.