लोरेनची पिओनी

डुएन,

मी बहिणीकडे चाललेय. कॅसरोलमधलं जेवण ओव्हनमध्ये आहे, गरम करून खा.

घर बघायला आलेल्या जोडप्याने मी हौसेने करून घेतलेल्या स्वयंपाकघराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघं थेट अंगणात, पिओनीच्या ताटव्यापाशी. एजंट म्हणाली, "या फुलांनीच घर विकलं." तुझी पहिली बायको लोरेन तुला सोडून गेली, पण तिची फुलं अजून माझ्या उरावर बसलीत.

आणि गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली, तू खणून काढून बादलीत लपवलेलं तिच्या पिओनीचं एक झुडूप सापडलं. मी ते ताटव्यात होतं तिथं परत लावलंय. जमिनीतलं सगळं घराबरोबर जातं, असं तूच त्यांना सांगितलंस ना?

उद्या मला न्यायला ये. गाडीत बसण्याआधी मी डिकी उघडून बघणार आहे.

कॉरिन