बाबा असते तर कॅप्सूल दिली असती

दादा,

तुला झोप लागली होती म्हणून उठवलं नाही. मी बाजारात चाललेय. साध्या सर्दीतापाला अँटिबायोटिक घेऊ नका, हे आज लोकांना सांगायचंय. आणि इथे माझाच भाऊ कपाटात उरलेल्या कॅप्सूल शोधतोय! त्या मी सोबत नेतेय, चिडू नकोस. डॉक्टरीणबाईंनी काल तुला तपासून सांगितलंच आहे, "व्हायरल आहे, त्या कॅप्सूलचा उपयोग नाही. धाप लागली तर मात्र लगेच या."

काल तू म्हणालास, "बाबा असते तर एव्हाना कॅप्सूल दिली असती." दिली असती, खरंच. आपण नुसते शिंकलो तरी त्यांचा जीव खालीवर व्हायचा. कॅप्सूल फोडून मधात कालवायचे, आणि आपण तोंड वाकडं केलं की आपल्याआधी त्यांचंच तोंड कडू व्हायचं. औषध चुकीचं असेल, पण तसं कुणी आता भरवत नाही रे.

सूप झाकून ठेवलंय, गरम करून घे. दुपारी फोन करीन, तो उचल. नाही उचललास तर मीही बाबांसारखी सगळं टाकून धावत घरी येईन, मग बाजारात भाषण कोण करणार?

— बारकी