गुडघाभर पाणी

२२ सप्टें. २००२, रवि.
सुलभाच्या अस्थी आज तलावात सोडल्या. थंडीत दर रविवारी ती इथेच पक्षी मोजायला यायची, म्हणून. गुरुजी म्हणाले, "मडक्याचं तोंड सोडा, पाण्यात मिसळू द्या." नाही सोडलं. उडून जाईल वाटलं. फडकं बांधलेलंच खाली ठेवलं. भुसावळला तापीत आईचं असंच गेलं होतं, बघता बघता दिसेनासं झालं. इथे दोनशे पावलं चाललो तरी पाणी गुडघ्यालाच. परत येऊन पँट पिळली. रडू आलं नाही.

१३ ऑक्टो.
झोटवाड्याच्या घरून दोन बस बदलून तलावावर गेलो. काय करायला, देव जाणे. पाणी बरंच मागे सरकलंय. त्या दिवशी चपला काढल्या तिथे भेगा. काठावर शेती करणारा रामजीलाल भेटला. म्हणे, "यहाँ पानी फैलता है बाबूजी, गहरा नहीं होता." बोटभर आटलं की काठ कितीतरी पावलं मागे. उभा जन्म रेल्वेत रुळांचे चढउतार पाहिले, आणि इथे तळ बघायचं सुचलं नाही. गाढव आहे मी.

२७ ऑक्टो.
चक्रवाक आले. नऊ. सु.च्या वहीत लिहिले. तिच्या अक्षराखाली माझं अक्षर वाईट दिसतं.

१० नोव्हें.
पाणी पोटरीला. मडकं अजून दिसत नाही. मालवीय नगरहून लेकीचा फोन. "पप्पा, मतलब, मम्मीला तिथून काढून हरिद्वारला नेऊ या ना." बघू म्हटलं. एकदा सोडलेलं परत उचलतात का? असलं सगळं शेजारीपाजारी सु.च विचारून यायची.

२४ नोव्हें.
गेलो नाही. खिचडी. झोपलो.

८ डिसें.
मडकं उघडं पडलंय. गाळात अर्धं. फडकं तसंच. पाणी हटलं की हा गाळ दरवर्षी पेरतात म्हणे, गहू. रामजीलाल उंटाचा नांगर मडक्यापाशी थांबवून उभा.
"आपका है?"
हो म्हटलं.
"ले जाएँगे, या रहने दूँ? रहेगा तो आसपास बो दूँगा."
पुढे पाण्यात चक्रवाक. मोजले. सोळा. तो थांबून होता. वाकून गाठ सोडायला गेलो, भिजून घट्ट बसलीय. पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं. मान हलवून तो मडक्याला वळसा घालून नांगरत गेला.
बसमध्ये रडलो. अख्ख्या बसदेखत.
पायाचा गाळ अजून धुतलेला नाही.