काळ्या फितीतला नवरा

३ मार्च

नवऱ्याला काम मिळालं. फोटोचं!

आधी वाटलं मस्करी करतोय. नाही. मोबाईलवर बघायची कसलीशी विनोदी मालिका आहे, 'भिंतीवरचे आजोबा'. घरातले आजोबा मेलेले. त्यांचा काळ्या फितीचा फोटो भिंतीवर. आणि तो फोटो घरच्यांना टोमणे मारतो. तो फोटो म्हणजे आमचे तोकसू साहेब! तीस वर्षं नाटकांत भाला धरून मागे उभे राहिले, आता मरून बढती मिळाली.

"मुख्य भूमिका आहे अगं."

"मेलेल्याची?"

"प्रत्येक भागात आहे मी!"

भिंतसुद्धा प्रत्येक भागात आहे.

ओकबुनचा फोन आला. धाकटी बहीण माझी. समुद्रकाठी दोंगहेला तिचं सुक्या माशांचं दुकान, वरची खोली रिकामी. "ताई, कधी येतेस? अठ्ठावीस वर्षं पोसलंस की त्याला." जायचं माझं पक्कं आहे. कधीचंच. पण सासूबाई! वय चौऱ्याऐंशी, डोकं कधी जागेवर, कधी नाही. आणि ह्या माणसाच्या भरवशावर मी कुंडीतलं रोपसुद्धा सोडणार नाही.

८ मार्च

शूटिंगच्या आधीची पूजा. समुद्री शेवाळात गुंडाळलेल्या भाताचे, किंबापचे, डबे माझ्याच दुकानातून गेले, म्हणून मी हजर. मधोमध डुकराचं उकडलेलं मुंडकं. डुक्कर हसरं हवं, तरच मालिका चालते म्हणे. ह्या लोकांना हसरं मिळालं होतं. शिकलेसवरलेले लोक रांगेने त्याला वाकत होते.

दिग्दर्शक बांग. पोरगेलासा, डोक्यावर लोकरी टोपी, घरातसुद्धा. "वहिनी, तुम्हीही नमस्कार करा ना!"

केला. जमलेल्या सगळ्यांत अभिनय त्या डुकराचाच बरा वाटला.

२० मार्च

भिंतीला भोक, भोकाला चौकट, चौकटीत नवऱ्याचं डोकं. तसं दिवसभर उभं राहायचं. घरी येतो तेव्हा मान वळत नाही. मलम कोण चोळणार? मी!

"हळू गं, कलाकाराची मान आहे."

जोरात चोळली.

५ एप्रिल

सासूबाईंनी आज त्याला बरोबर ओळखलं. म्हणाल्या, "तोकसू, अजून नोकरी नाही ना लागली?" डोकं ठिकाणावर असलं की बाई चुकीचं काही बोलत नाही.

१४ ऑगस्ट

आठही भाग एकदम सोडले. त्याने नवा टीव्ही आणला, त्यावर लावून दिले, आणि मालिका न बघता माझं तोंड बघत बसला. मी एकदाही हसले नाही. कोणी पाय घसरून पडतं, कोणी पादतं, सून सासूच्या चपला लपवते. लिहिणाऱ्यांत एकानेही सासू पाहिलेली नाही.

"कशी वाटली?"

"तुझ्या नाकात केस दिसतात."

१९ ऑगस्ट

चालली! एवढी फालतू गोष्ट, आणि चालली! शाळेतली पोरं किंबाप घ्यायला येतात आणि त्याचं वाक्य ओरडतात, "मेलोय, बहिरा नाही झालो!" आणि खिदळतात.

नवरा हल्ली रोज दुकानात येतो. कामाला नाही. काळा चष्मा आणि टोपी घालून येतो, लोकांनी ओळखू नये म्हणून. कोणी ओळखलं नाही की चष्मा काढतो.

समोरची मासेवाली म्हणाली, "बरं झालं बाई तुझं. काळ्या फितीचा फोटो आधीच तयार!"

२५ ऑगस्ट

सासूबाईंनी आज मालिका पाहिली. नवऱ्यानेच कौतुकाने लावून दिली आणि दाढी करायला गेला.

मी भाजी चिरत होते. किंकाळी ऐकून धावले. बाई जमिनीवर बसून दोन्ही हात आपटत होती. "अगाई गं! माझं पोर गेलं! मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!" समोर टीव्हीवर तोकसू, काळ्या फितीत.

तो धावत आला, अर्ध्या तोंडाला फेस. "आई! मी इथे आहे! हा बघ!"

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. परक्याकडे पाहतात तसं. "भाऊ, तुम्ही कोण? माझा मुलगा वारला हो आज."

टीव्ही बंद केला तर आणखी रडल्या. "त्याला अंधारात का ठेवता?"

परत लावला.

२९ ऑगस्ट

आता दिवसभर तेच. फोटोशी बोलतात. "थंडीत पाठीवर बांधून बाजारात न्यायचे रे तुला. किती शहाणा होतास, रडायचा नाहीस." नवरा कोपऱ्यात बसून ऐकतो. जन्मात कधी चांगलं बोलली नव्हती त्याच्याबद्दल. नाक ओढत मला म्हणतो, "ऐकलंस? आईला माझा अभिमान होता."

"हो. मेल्यावर."

३ सप्टेंबर

सासूबाईंनी स्वतः उठून टीव्हीपुढे भाताची वाटी ठेवली. चमचा भातात उभा रोवलेला, मेलेल्यापुढे ठेवतात तसा. नवरा बाहेरून भुकेला आला. वाटी उचलली आणि खाऊन टाकली! उभा चमचा उपटून! कुठल्या घरात वाढलाय हा माणूस?

"चोरा!" सासूबाईंनी चप्पल काढली. "माझ्या पोराचा भात गिळलास! मेलेल्याचा घास!" घरभर पळवला त्याला. मी इतकी हसले की पोट दुखलं. त्या अख्ख्या मालिकेत असं काही नाही.

मग त्या भिंतीला टेकून बसल्या. हळूच म्हणाल्या, "आता तो उपाशी गेला."

हसू गेलं माझं. नवा भात वाढला. चमचा मीच रोवला.

५ सप्टेंबर

भाताची गोष्ट नवऱ्याने बांगला सांगितली. बांग खुर्चीवरून पडेपर्यंत हसला म्हणे. हेही अभिमानाने सांगतो.

११ सप्टेंबर

दुकानातून आले तर दारात तीन जोड बूट. आत बांग, कॅमेरा, दिवे. सासूबाईंना सणाचा रेशमी हानबोक घातलेला, केस विंचरलेले. कोणी केलं हे? पोटच्या पोराने!

बाई टीव्हीपुढे ऊर बडवत होती. बांग म्हणत होता, "छान, आजी! आता टीव्ही बंद करू, पुन्हा लावू. फीत दिसली की परत एकदा, हं?"

परत एकदा! सासूबाईंसाठी तो दर वेळी नव्याने मरतो, हे कळत नाही ह्यांना? की कळतं?

"वहिनी, जरा सरका, सावली पडतेय."

सरकले. फरशी पुसायची बादली उचलली आणि तिन्ही बुटांच्या जोडांत ओतली.

"अगं, काय केलंस!" नवरा ओरडला. "हे दाखवलं तर दुसरं पर्व मिळेल! सगळं आपल्यासाठीच चाललंय ना!"

१७ सप्टेंबर

दाखवलं. मालिकेपेक्षा जास्त लोकांनी ते पाहिलं. 'किती गोड आजी!' 'रडताना कसली क्यूट दिसते!' नवरा एकेक वाचून दाखवतो. कोणाला? आईला!

"सूनबाई, हे भाऊ काय वाचतायत?"

"काही नाही आई. जेवा तुम्ही."

ओकबुनला फोन लावला आणि वाजायच्या आत कापला. काय बोलणार? मी गेले तर ही बाई ह्याच्या आणि त्या टोपीवाल्याच्या हातात.

२२ ऑक्टोबर

दुसरं पर्व पक्कं. आणि त्यात सासूबाईंनाही घेणार!

"काही पाठ करायचं नाहीये," नवरा म्हणतो. "फक्त रडायचंय. ते तर ती रोजच करते."

"आणि मध्येच गेली तर?"

मला वाटलं, आता तरी गप्प होईल. झालाच नाही. म्हणाला, "ते बांगशी बोललोय मी. माझ्या शेजारी तिचाही फोटो लावू म्हणतोय."

मी भांडी घासत होते. घासत राहिले. शिवीसुद्धा सुचली नाही. मला! मला सुचली नाही!

२ नोव्हेंबर

नवरा शूटिंगला. मान भिंतीत.

सकाळी उठले तर सासूबाई दाराशी बसलेल्या. पायांत मोजे, मांडीवर गाठोडं. डोळे अगदी स्वच्छ.

"सूनबाई, पोर तर गेलं. आता ह्या परक्या माणसाच्या घरात आपण दोघींनी किती दिवस राहायचं? बरं दिसतं का ते?"

ही वाट मला दिसली कशी नाही?

"नाही दिसत, आई," म्हटलं.

ओकबुनला फोन लावला. "खोली झाडून ठेव. दोघी येतोय."

३ नोव्हेंबर

नवरा पुन्हा शूटिंगला, आम्ही दोंगहेच्या बसमध्ये. सासूबाई खिडकीशी. बोगदा संपला तशी त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. ओळख नव्हती डोळ्यांत.

"एकट्याच निघालात, बाई? नवरा काय करतो?"

"मेला," म्हटलं.

माझा हात धरला त्यांनी. "माझा मुलगाही," म्हणाल्या, आणि संत्रं सोलून मोठा भाग मला दिला.